अ‍ॅनालिस्टचं ट्रेनिंग, क्वालिफिकेशन आणि क्वालिटी अ‍ॅग्रीमेंट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तारापूर, वाळूज, महाड, वेर्णा अशा ठिकाणच्या क्यूसी लॅबमध्ये (माल तपासणाऱ्या लॅबमध्ये) काम करणारी मुलं आणि बाहेरच्या लॅबकडून टेस्टिंग करून घेणाऱ्या कंपन्यांमधले क्यूएवाले (दर्जाची हमी बघणारे), दोन्हीकडून तेच तेच प्रश्न येत असतात म्हणून एकत्र लिहून ठेवलेत. खाली करार म्हटलंय तिथे क्वालिटी अ‍ॅग्रीमेंट धरा, म्हणजे कंपनी आणि लॅब यांच्यात दर्जाची कुठली जबाबदारी कोणाची ते लिहिलेला करार. भर औषधांच्या टेस्टिंगवर आहे, पाणी-पर्यावरणाच्या लॅबचा उल्लेख लागेल तिथेच केलाय.

करारात "सर्व अ‍ॅनालिस्ट प्रशिक्षित असतील" असं एक वाक्य आहे. पुरतं का?

नाही. ते वाक्य जवळपास प्रत्येक करारात असतं आणि त्याचा उपयोग शून्य, कारण प्रशिक्षित म्हणजे काय हे कोणीच ठरवलेलं नसतं, मग लॅब म्हणते आमच्याकडे सगळ्यांची ट्रेनिंग फाइल आहे आणि फाइल उघडली की आत एसओपी (कामाची लेखी ठरवून दिलेली पद्धत) वाचली-समजली अशा सह्यांचे कागद, एका दिवसात बावीस एसओपी वाचलेल्या. माझ्या मते करारात किमान एवढं तरी स्पष्ट हवं: तुमच्या प्रॉडक्टची टेस्ट करणारा माणूस त्या टेस्टसाठी किंवा त्या टेक्निकसाठी काम सुरू करायच्या आधी क्वालिफाय झालेला असेल, क्वालिफाय कसं करायचं आणि पास कशाला म्हणायचं ते लॅबच्या एसओपीत लिहिलेलं असेल आणि ती एसओपी तुम्हाला बघायला मिळेल, रेकॉर्ड ऑडिटमध्ये दाखवले जातील, आणि रीक्वालिफिकेशन कधी ते ठरलेलं असेल. आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे माणसं बदलल्यावर कळवणं. प्रत्येक ज्युनिअर गेला-आला ते कळवायची गरज नाही, पण लॅब हेड किंवा तुमच्या प्रॉडक्टवरचा एकमेव क्वालिफाइड माणूस सोडून गेला तर तुम्हाला कळायला हवं की नको?

हे सगळं नियमात कुठे आहे, की क्लायंटचे चोचले?

नियमात आहे, फक्त एका जागी नाही. अमेरिकेला माल जाणार असेल तर २१ सीएफआर २११.२५ (तिथल्या औषध नियमांतलं कलम) लागतं, त्यात म्हटलंय की माणसाकडे त्याला दिलेल्या कामापुरतं शिक्षण, ट्रेनिंग आणि अनुभव किंवा यांचं मिश्रण हवं, आणि जीएमपीचं (औषधं नीट बनवण्या-तपासण्याच्या नियमांचं) ट्रेनिंग जाणकार माणसांनी सतत देत राहायला हवं. आपल्याकडे औषध कारखान्यांसाठीचं सुधारित शेड्यूल एम डिसेंबर २०२३ मध्ये नोटिफाय झालं, मोठ्या कंपन्यांना सहा महिने दिले आणि छोट्या-मध्यम कंपन्यांची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत गेली. लॅबसाठी शेड्यूल एल-१ वेगळं आहेच. एनएबीएलवाल्या (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या) लॅबना आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाची २०१७ ची आवृत्ती, त्यात कलम ६.२ अख्खं माणसांवर आहे: कुठल्या कामाला काय पात्रता लागते ते लिहा, माणूस निवडा, शिकवा, देखरेख ठेवा, अधिकार द्या आणि नंतरही लक्ष ठेवा, आणि या प्रत्येकाचं रेकॉर्ड ठेवा. आणि तुमची लॅब बाहेरून काम करून घेत असेल तर ६.६.३ बघा, तिथे सरळ सांगितलंय की बाहेरच्या पार्टीला माणसांची पात्रता किती हवी तेही कळवायचं. करारात हा मुद्दा का घालायचा याला याहून चांगलं उत्तर नाही.

यूएस एफडीएची (अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याची) क्वालिटी अ‍ॅग्रीमेंटवरची गाइडन्स नोव्हेंबर २०१६ ची आहे. त्यातलं एक लक्षात ठेवा, क्वालिटी अ‍ॅग्रीमेंट हे कमर्शियल करारापासून वेगळं ठेवा असं तिथे सुचवलंय. ते शहाणपणाचं आहे, कारण इन्स्पेक्टरला क्वालिटीचा कागद दाखवताना त्यात रेट आणि पेमेंट टर्म पण दिसायला लागले तर दोन्ही बाजू कागद दाखवायला कां कू करतात.

ट्रेनिंग झालं म्हणजे क्वालिफिकेशन झालंच ना?

इथेच सगळा घोळ आहे. ट्रेनिंग म्हणजे शिकवलं, क्वालिफिकेशन म्हणजे याला येतं हे आकड्याने सिद्ध झालं. शिकवणं बघून, वाचून, सिनिअरच्या शेजारी उभं राहून, मग त्याच्या नजरेखाली स्वतः करून होतं. क्वालिफिकेशनमध्ये मात्र सॅम्पल समोर, मेथड समोर, कोणी हात लावायचा नाही, आणि आलेला आकडा आधी ठरवलेल्या लिमिटमध्ये बसतो का ते बघायचं. लिमिट आधी ठरवलेलं हवं, रिझल्ट आल्यावर नाही. प्रश्नपत्रिकेत दहा पैकी आठ मार्क मिळाले हे जीएमपी समजण्यापुरतं ठीक आहे हो, पण त्यावरून कोणाला कार्ल फिशर (पाण्याचं प्रमाण मोजायची टेस्ट) करता येतं हे कळत नाही.

बरं, मग नेमकं काय करायला लावतात? किती सॅम्पल, किती टक्के?

कुठल्याही कायद्यात एक आकडा छापलेला नाही, लॅबने आपला ठरवायचा आणि का ठरवला ते सांगता यायला हवं. साधारण पद्धत अशी की आधी क्वालिफाइड माणसाने तपासलेला एखादा बॅच घ्यायचा, नवीन माणसाने त्याचे तीन किंवा सहा स्वतंत्र प्रिपरेशन करायचे, आणि दोन गोष्टी बघायच्या: आपापसात किती जुळतात आणि जुन्या माणसाच्या सरासरीपासून किती लांब आहेत. एचपीएलसीवरच्या (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावरच्या) असेसाठी, म्हणजे औषधात मूळ घटक किती टक्के आहे त्या टेस्टसाठी, बऱ्याच ठिकाणी आरएसडी (आकडे आपापसात किती पसरलेत त्याची टक्केवारी) २ टक्क्यांच्या आत आणि दोन सरासरींमधला फरक २ टक्क्यांच्या आत असं ठेवतात. इम्प्युरिटीला (अशुद्ध घटकांच्या टेस्टला) हे लिमिट चालत नाही कारण ०.०५ टक्क्याच्या पीकमध्ये (आलेखावरच्या उंचवट्यात) थोडा फरकसुद्धा टक्केवारीत प्रचंड दिसतो, तिथे प्रत्यक्ष आकड्यातला फरक धरतात.

काही लॅब ब्लाइंड सॅम्पल देतात, म्हणजे उत्तर फक्त क्यूएला माहीत. मला हीच पद्धत आवडते, कारण जुना रिझल्ट ९९.६ आहे हे माहीत असलं की मुलगा इंटिग्रेशन (पीकचं क्षेत्रफळ मोजणं) करताना नकळत का होईना तिकडेच ओढतो.

पर्यावरणाच्या लॅबवाल्यांचं एका बाबतीत बरं आहे, अमेरिकेच्या ईपीएच्या (पर्यावरण खात्याच्या) बऱ्याच मेथडमध्येच लिहिलेलं असतं की सुरुवातीला माहीत असलेल्या प्रमाणाचे चार सॅम्पल करून रिकव्हरी (टाकलेल्यापैकी किती परत मोजलं) आणि आकडे आपापसात किती जुळतात ते दाखवा, हे मेथडच्या हद्दीत बसलं की मगच खऱ्या सॅम्पलला हात लावा. वाद घालायला जागाच नाही.

माझा आरएसडी अर्धा टक्का आला तरी मला फेल केलं. असं कसं?

समजा तुमचे असेचे सहा आकडे आले १०१.७, १०२.४, १०२.०, १०१.९, १०२.६, १०२.०. सरासरी १०२.१, आरएसडी साधारण ०.३. दिसायला एकदम झकास. पण त्याच बॅचची क्वालिफाइड माणसाची सरासरी ९९.६ असेल तर फरक अडीच टक्के झाला आणि तुम्ही बाहेर. आता हे का होतं ते बघा. सहाच्या सहा सॅम्पल तुम्ही एकाच स्टँडर्डवर (प्रमाण माहीत असलेल्या संदर्भ नमुन्यावर) मोजता. स्टँडर्ड वाळवून वापरायचं होतं आणि तुम्ही तसंच डबीतून काढून तोललं, त्यात अडीच टक्के ओलावा होता, म्हणजे ५० मिलिग्रॅम तोललं तरी खरा माल ४८.७५ च गेला, स्टँडर्डचा पीक छोटा आला आणि त्याच्यापुढे सगळे सॅम्पल सारखेच मोठे दिसले. हात एकदम स्थिर आहे आणि उत्तर चुकीचं आहे. म्हणूनच नुसत्या आरएसडीवर क्वालिफाय करणाऱ्या लॅबवर माझा विश्वास नाही, आणि करारात अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया बघायला मागायचे ते यासाठीच.

बाकी नेहमीची कारणं म्हणजे फिल्टर केल्यावर पहिले काही एमएल फेकायचे असतात ते न फेकणं, सोनिकेट करून गरम झालेला फ्लास्क गार न होऊ देता मार्कपर्यंत भरणं, कार्ल फिशरमध्ये सॅम्पल तोलून भांड्यात टाकेपर्यंत पावसाळ्याच्या हवेत उघडं ठेवणं. मेथडमध्ये यातलं निम्मं लिहिलेलं नसतं, ते शेजारी उभं राहून शिकवावं लागतं.

एकदा एचपीएलसीवर क्वालिफाय झालो की सगळ्या प्रॉडक्टला चालतं का?

टेक्निकनुसार क्वालिफाय करणं बहुतेक ठिकाणी मान्य असतं, नाहीतर दोनशे प्रॉडक्ट असलेल्या लॅबमध्ये लोक आयुष्यभर क्वालिफिकेशनच करत बसतील. पण साधी पोळी गोल आली म्हणून पुरणपोळी जमेलच असं नाही. असेची आयसोक्रॅटिक (द्रावक शेवटपर्यंत तोच असलेली) मेथड आणि चाळीस मिनिटांची ग्रेडियंट (द्रावकाचं मिश्रण बदलत जाणारी) रिलेटेड सबस्टन्सेसची (इम्प्युरिटीची) मेथड हे वेगळं प्रकरण आहे, डेरिव्हटायझेशन वेगळं, हेडस्पेस जीसी वेगळं. समजूतदार करारात असं लिहितात की नेहमीच्या टेस्टला टेक्निकवर क्वालिफिकेशन चालेल आणि दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलेल्या अवघड मेथडला, यादी जोडून, मेथडवर वेगळं लागेल.

मेथड ट्रान्सफरमध्ये (मेथड एका लॅबकडून दुसरीकडे सोपवताना) मीच काम केलं होतं. परत क्वालिफाय व्हायचं?

शक्यतो नाही. ट्रान्सफरमध्ये दोन्ही लॅबनी तेच सॅम्पल करून रिझल्ट जुळवले असतील तर तो डेटा तुमचंच कौशल्य दाखवतो, फक्त ट्रान्सफर प्रोटोकॉलमध्ये आणि तुमच्या फाइलमध्ये तसा उल्लेख पाहिजे. व्हॅलिडेशनच्या इंटरमीडिएट प्रिसिजनमध्ये (मेथड सिद्ध करताना वेगळ्या माणसाकडूनही तेच उत्तर येतं का ते बघण्यात) दुसरा अ‍ॅनालिस्ट म्हणून नाव असेल तरी तेच. पण ट्रान्सफर तुम्ही केलं आणि रोजचं काम रात्रपाळीतला तिसराच माणूस करतो, असं असेल तर त्याच्या नावावर काय आहे? ट्रान्सफरला नेहमी लॅबचे हुकमी एक्के बसवतात, क्लायंटने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

ट्रेनी, अप्रेंटिस किंवा कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवरच्या मुलांनी टेस्टिंग केलं तर चालतं का?

पेरोल कोणाचा आहे याने फरक पडत नाही. आयएसओ १७०२५ मध्ये तर आतले-बाहेरचे सगळेच धरलेत, लॅबच्या कामावर ज्याचा परिणाम होतो तो सक्षम हवा. क्वालिफाय झाला असेल तर कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा पण टेस्ट करू शकतो, झाला नसेल तर दहा वर्षं पर्मनंट असलेला पण नाही. ट्रेनी शिकत असताना सॅम्पल करू शकतो पण त्याच्या आकड्यावर बॅच रिलीज होता कामा नये. आणि प्रत्यक्षात जे चालतं ते म्हणजे काम ट्रेनी करतो आणि सही सिनिअर ठोकतो, ते तर सरळ सरळ डेटा इंटिग्रिटीचं (नोंदींच्या खरेपणाचं) प्रकरण आहे. ज्याने केलं त्याचं नाव, ज्या दिवशी केलं ती तारीख, २१ सीएफआर २११.१९४ मध्ये हेच मागितलंय आणि तपासणारा दुसरा माणूस वेगळा. दुसऱ्याच्या लॉगिनवर इंजेक्शन मारायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा, पुढे निस्तरायला तुम्हीच असता, सांगणारा नसतो.

"एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट" असेल तर वेगळं क्वालिफिकेशन कशाला?

जाहिरातीतलं हे एफडीए म्हणजे आपल्या राज्याचं, अमेरिकेचं नव्हे. यूएस एफडीए कुठल्याही केमिस्टला वैयक्तिक अप्रूव्हल देत नाही. राज्याच्या एफडीएकडे लायसन्सवर किंवा टेस्टिंग लॅबच्या फॉर्म ३७ वरच्या मान्यतेला जोडून टेक्निकल माणसांची नावं मंजूर होतात, शिक्षण आणि अनुभव बघून. फॉर्म ३९ वरचा टेस्ट रिपोर्ट टेस्टिंगच्या इन-चार्जच्या सहीने जातो. म्हणजे कायद्याने जबाबदार माणूस कोण ते यातून ठरतं, अमुक प्रॉडक्टचं डिझोल्युशन (गोळी किती विरघळते ती टेस्ट) याला जमतं का ते ठरत नाही. करारात दोन्ही गोष्टी मागाव्यात. कंपनी बदलली की नव्या लायसन्सवर नाव परत घ्यावं लागतं, तेव्हा जुनं पत्र नीट जपून ठेवा, दाखवायला लागतं.

रीक्वालिफिकेशन किती दिवसांनी?

वर्षाला किंवा दोन वर्षांनी असं कॅलेंडर बहुतेक एसओपीत असतं. पण रोज तेच काम करणाऱ्याला कॅलेंडरवर परत बसवण्यात मला फार अर्थ दिसत नाही, त्याचा रोजचा डेटा, सिस्टिम सुटॅबिलिटी (टेस्टच्या आधी उपकरण नीट चालतंय का ती तपासणी), कंट्रोल सॅम्पल, प्रोफिशियन्सी टेस्टिंग (तेच सॅम्पल अनेक लॅबना देऊन केलेली तुलना) यावरून कळतंच की. खरी गरज कारण घडल्यावर असते: बाळंतपणाच्या रजेवरून किंवा लांबच्या आजारपणातून परत आलेला माणूस, सहा महिने त्या टेक्निकला हातच न लावलेला, मेथडमध्ये मोठा बदल, नवीन सॉफ्टवेअर, किंवा त्याच्याच हातून वारंवार चुका. करारात ही कारणं लिहा आणि त्याबरोबर किती दिवसांचा खंड म्हणजे खंड हेही लिहा, नाहीतर पुढे वाद ठरलेला.

ओओएस (लिमिटबाहेरचा रिझल्ट) आला, लॅब म्हणते अ‍ॅनालिस्टची चूक, रीट्रेनिंग केलं, विषय संपला. मान्य करायचं का?

पुरावा असेल तर. पिपेट चुकीची वापरली हे नोंदीत दिसतंय, फ्लास्क जपून ठेवला होता आणि त्यात खरंच डायल्युशन चुकलेलं सापडलं, तर ठीक. पण काहीच सापडलं नाही म्हणून चूक माणसाची, हे उत्तर नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये बार लॅबोरेटरीजच्या केसमध्ये पास होईपर्यंत टेस्ट करत राहण्याची पद्धत कोर्टाने उडवून लावली, आणि एफडीएची ओओएस गाइडन्स, मूळ २००६ ची आणि २०२२ मध्ये सुधारलेली, हेच सांगते की लॅबची चूक क्वचितच व्हायला हवी, वारंवार होत असेल तर ट्रेनिंग अपुरं आहे, उपकरणं नीट नाहीत किंवा काम निष्काळजी आहे.

आता गंमत बघा. लॅबने लिहिलं की चूक माणसाची, तर पुढचा प्रश्न असा की त्याला क्वालिफाय कोणी आणि कसं केलं, आणि त्याने त्याच आठवड्यात केलेल्या बाकीच्या सॅम्पलचं काय? हा प्रश्न आला की चूक माणसाची हे लिहायची घाई जरा कमी होते. रीट्रेनिंग म्हणून तीच एसओपी परत वाचायला दिली असेल तर सीएपीए (चूक सुधारून ती परत होऊ नये म्हणून केलेल्या उपायांचा कागद) परत पाठवा. ज्या कृतीत चूक झाली ती कृती करून दाखवायला लावली का, ते विचारा. आणि ओओएस आल्यावर किती दिवसांत कळवायचं ते करारात कामाच्या दिवसांत लिहा, "तातडीने" हा शब्द लिहून काहीच होत नाही.

ऑडिटर नेमकं काय बघतो?

फाइल जाडजूड आहे का ते बघत नाही. तुमच्या प्रॉडक्टचा एखादा जुना रिपोर्ट काढतो, रॉ डेटावरून टेस्ट कोणी केली ते नाव घेतो, क्रोमॅटोग्रामची (एचपीएलसीवरच्या आलेखाची) तारीख-वेळ लिहून घेतो, मग कॉलमचं लॉगबुक, वजनकाट्याचं प्रिंटआउट, आणि शेवटी त्या माणसाची क्वालिफिकेशनची तारीख. १४ तारखेला टेस्ट केली आणि १९ ला क्वालिफाय झाला, एवढं सापडलं की झालं. तो माणूस त्या दिवशी हजर होता का हे गेटच्या रेकॉर्डवरून बघणारे पण असतात. क्लायंट म्हणून ऑडिटला जाताय तर तुम्हीही हेच करा, कॉन्फरन्स रूममध्ये प्रेझेंटेशन बघत बसू नका. जमलं तर बेंचजवळ उभं राहून एखाद्याला सॅम्पल प्रिपरेशन करताना बघा, न बोलता, दहा मिनिटं. मेथड समोर उघडी आहे का, की पाठ आहे म्हणून चाललंय, तेवढ्यावरून बरंच कळतं.

मायक्रोबायोलॉजीला वेगळं काय?

तिथे नजर आणि हात दोन्ही तपासतात. प्लेट काउंटसाठी (प्लेटवर उगवलेल्या जंतूंचे ठिपके मोजण्यासाठी) जुना दंडक असा की तीच प्लेट परत मोजली तर स्वतःचा आकडा ५ टक्क्यांत आणि दुसऱ्या माणसाचा १० टक्क्यांत जुळावा. स्टरिलिटी टेस्टिंग (मालात जंतू नाहीत ना ते तपासणं) करणाऱ्याचं गाऊनिंग क्वालिफिकेशन असतं, गाऊन घातल्यावर ग्लोव्ह आणि बाह्यांवर प्लेट लावून काही उगवतं का बघतात. रंगांधळेपणाची तपासणी केमिकलवाल्यांनाही हवी, टायट्रेशनचा एंडपॉइंट डोळ्याने बघणारा माणूस गुलाबी आणि रंगहीन यात गोंधळत असेल तर बाकी ट्रेनिंगचा उपयोग काय.

लॅबने आमचं सॅम्पल परस्पर दुसऱ्या लॅबला दिलं तर?

तुमच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय देता येत नाही, डब्ल्यूएचओच्या जीएमपीत आणि आयएसओ १७०२५ मध्ये दोन्हीकडे आहे. करारात स्वतंत्र कलम टाकाच. आणि मंजुरी दिली तर तिथल्या अ‍ॅनालिस्टलाही सगळ्या अटी लागू, हे लिहून घ्या.

आधीच्या कंपनीतलं क्वालिफिकेशन नवीन ठिकाणी धरतात का?

अनुभव म्हणून धरतात, क्वालिफिकेशन म्हणून नाही. तिथलं उपकरण वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं, एसओपी वेगळी. अनुभवी माणसाचं ट्रेनिंग थोडक्यात आटपायला हरकत नाही पण आकड्याचा पुरावा नव्याने द्यावाच लागतो. जुन्या कंपनीचे क्वालिफिकेशनचे कागद झेरॉक्स काढून घेऊन जाऊ नका, ते कंपनीचे रेकॉर्ड आहेत, त्यात क्लायंटच्या प्रॉडक्टची नावं असतात. अनुभवाच्या पत्रात कुठली टेक्निक किती वर्षं केली एवढं लिहून घ्या, ते तुमच्या हक्काचं आहे असं समजून मागा.

ट्रेनिंग दिलं म्हणून कंपनीने बॉण्ड लिहून घेतलाय. सोडता येतं का?

सोडता येतं, जबरदस्तीने कामाला कोणी ठेवू शकत नाही. प्रश्न पैशाचा आहे. करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे धंदा-नोकरी करण्यावर बंदी घालणारी अट रद्दबातल असते, त्यामुळे नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कुठल्याच लॅबमध्ये जायचं नाही असली अट टिकणं कठीण. पण नोकरीत असतानाची किमान मुदतीची अट वेगळी. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली, ती कलम २७ मध्ये अडकत नाही असं म्हटलं. ती सरकारी बँक होती आणि भरतीचा खर्च वगैरे मुद्दे होते, म्हणून प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बॉण्ड टिकेल असा अर्थ काढू नका, पण कागदाला किंमतच नाही असं समजून सहीही ठोकू नका. रक्कम किती, किती महिन्यांनी कमी होत जाते, कुठलं ट्रेनिंग दिलं आणि त्याचा खर्च किती, हे वाचून घ्या. डिग्रीची ओरिजिनल सर्टिफिकेट मागितली तर दाखवा, तपासू द्या आणि परत घेऊन घरी या. मोठी रक्कम अडकली असेल तर कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखवा, एचआरने तोंडी काय सांगितलं त्यावर जाऊ नका.